तू म्हणालास, अष्टमी होती

दादा,

तुझ्या तेराव्याला आठवडाही उलटला नव्हता आणि मी फोर्टात जाऊन सिनेमा बघून आले. गोडदेवात बोभाटा व्हायचा तो झालाच. भावाची राख निवली नाही आणि ही खेळ बघत फिरतेय, शाळेत मुलींना काय धडे देत असेल, असं विहिरीवर बोलून झालं. मी घागर भरली, सगळ्यांकडे बघून हसले आणि घरी आले. तू असतास तर विहिरीच्या काठावर बसून त्या बायांनाच तो खेळ सांगितला असतास, आणि त्याही घागरी बाजूला ठेवून ऐकत बसल्या असत्या.

तू गेलास याचं दुःख मी लिहून दाखवायला नको. पण खरं सांगायचं तर त्या सकाळी मला आधी हायसं वाटलं. शेवटचे महिने तू उशांना टेकून बसायचास, आडवं होणं तुला जमत नव्हतं, आणि तुझ्या छातीतला तो आवाज घरभर ऐकू यायचा. आई स्वयंपाक करता करता थांबायची, मी मुलींच्या पाट्या तपासताना थांबायचे, पुढचा श्वास आला की दोघी परत कामाला लागायचो. तो आवाज थांबला तेव्हा मी उठून खिडकी उघडली. रडू नंतर आलं, पुष्कळ आलं. हे मी कुणाकडे बोलले नाही. तुझ्याकडे बोलायला हरकत नाही, कारण तूच सांगायचास की ब्रिटिश खेळात माणूस मेला की सगळे टोप्या काढून उभे राहतात, फ्रेंच खेळात कुणीतरी जाऊन खिडकी उघडतं, आणि त्याच्याकडे बघावं.

दुसऱ्यांदा हायसं वाटलं ते या सिनेमाहून घरी आल्यावर. ते तुला सांगायलाच हवं, कारण आपला वाद अर्धवट टाकून तू गेलास.

तुझ्या सिनेमाच्या वेडाला समुद्राचा लगाम होता. बाबा गेले, मॅट्रिक होताच मिठागर तुझ्या गळ्यात पडलं, आणि मिठागराची उघाडी तुझ्या हातात आली. ते लाकडी दार वेळेवर उघडलं तर भरतीचं पाणी आगरात येणार, वेळेवर बंद केलं तर ते आत राहणार, आणि चुकलं तर बांध वाहून जाणार. व्यापाऱ्यांकडे तुला मुंबईला जावं लागे. काम आटोपलं की तू फोर्टात तीनचा खेळ गाठायचास. अष्टमीच्या आसपास भरतीत दम नसतो, तेव्हा तुला शेवटपर्यंत बसता यायचं. पण एकादशीपासून पाण्याला जोर चढतो, आणि ते येतं नेमकं दिवेलागणीला. मग पडद्यावर काहीही चाललेलं असो, कुणी खुनी सापडत असो की कुणी कुणाच्या गळ्यात पडत असो, तू साहेबांच्या गुडघ्यांवरून अडखळत बाहेर पडायचास आणि गाडी पकडून उघाडी गाठायचास. म्हणजे निम्म्या खेळांचे शेवट तू पाहिलेस आणि निम्म्यांचे तू केलेस.

ते करायची तुझी रीतही ठरलेली होती. थेटराच्या भिंतीवर काचेआड खेळाचे फोटो लावलेले असतात. बाहेर पडताना तू त्यांच्यापुढे उभा राहायचास, अजून न पाहिलेले प्रसंग हेरून ठेवायचास, आणि गाडीत बसून त्यांची जुळवाजुळव करायचास. संध्याकाळी बांधावर आगरावरची माणसं तुझी वाट बघत असत. उत्तनचा पास्कूही असे. तो मासळी खारवायला मीठ न्यायला यायचा, पण मीठ भरून झालं तरी त्याचा पाय निघत नसे. तू गोष्ट सांगत सांगत शेवटाकडे आलास की कुणीतरी हमखास विचारायचं,

"दादा, तिथी कंची?"

तू अष्टमी म्हणालास तर सगळे मान डोलवायचे, म्हणजे हा साहेबाचा शेवट. दुसरी कुठली सांगितलीस तर हसायचे, म्हणजे हा आपल्या दादाचा. खोटं कुणाला वाटत नसे. उलट पास्कू म्हणायचा, "आमाला दादाचाच सांग. सायबाचा शेवट सायबाला."

तुझी मतं मात्र ठाम. ब्रिटिश खेळ म्हणजे मीठ विसरलेली पेज. घराला आग लागली तरी आधी कुणीतरी विचारणार, चहा घेणार का? समुद्रकाठच्या खाणावळीत तीन पाहुणे एकमेकांना खुनी समजून रात्रभर दारं लावून बसतात आणि सकाळी कळतं की आवाज मांजराचा होता, हा खेळ बांधावरच्या मंडळींनी तुझ्याकडून पुन्हा पुन्हा सांगून घेतला. तू सांगायचास, पण नाक मुरडून. फ्रेंच खेळांवर तुझा जीव. फ्रेंच बोलणं खाली इंग्रजीत लिहून येतं, साहेबही वाचतो आणि मीही वाचतो, कधी नव्हे ते आम्ही दोघं एका इयत्तेत, असं तू म्हणायचास. फ्रेंच खेळात पाऊस नसला तरी माणसं ओली दिसतात. फ्रेंच माणूस दारातून निरोप घेतो तेव्हा आपल्याला कळतं की हा परत येणार नाही. ब्रिटिश माणूस छत्री विसरतो आणि परत येतो. आणि तुझं मुख्य म्हणणं हे की फ्रेंच लोक खरं बोलतात, शेवट उगीच गोड करत नाहीत.

"तू त्यांचे शेवट बघितलेस किती?" मी विचारायचे.

"तुला कळायचं नाही, वच्छे."

मला ब्रिटिश आवडायचे आणि अजूनही आवडतात. तिथे निदान शेवटी पोलीस येतो. माझ्या संसारात कुणी आला नव्हता. तू एकदा चिडून म्हणालास की तुला पेजच आवडते, आजाऱ्याचं खाणं. मी म्हणाले, आजारी होतेच मी, पेजेनंच बरी झाले. त्यावर तुला उत्तर सुचलं नाही, आणि तुला उत्तर न सुचण्याचे प्रसंग इतके कमी की हा मी जपून ठेवलाय.

आता त्या दिवसाचं.

सासरहून पळून येऊन मला पंधरवडा झाला असेल. नवऱ्याचा हात उठायचा. निमित्त काहीही पुरायचं. कालवणात मीठ जास्त पडलं तर मिठागरवाल्यांची पोर म्हणून दोन रट्टे जास्त. शेवटी त्यानं मला भाताच्या कोठीत कोंडलं आणि बाहेरून कडी घातली. मी कौलं सरकवून बाहेर पडले आणि पेणहून जी निघाले ती आईच्या दारात येऊन बसले. मग सासरे आणि दीर न्यायला आले. त्यांना बोलावलं होतं काकांनी. बाबांच्या मागे घरात शब्द काकांचा. ते ठाण्याच्या कचेरीत कारकून, वर्षातून दोनदा यायचे, आणि आले की निकाल देऊन जायचे. लग्न झालेली पोर घरी ठेवली तर भावकीत तोंड दाखवता येणार नाही, तिला आजच पाठवायची, हा त्यांचा निकाल.

माझी पेटी आईनंच भरली. भरून दाराशी ठेवली, आणि माझ्याकडे न बघता देवापुढे जाऊन बसली. तिचं ते न बघणं मला नवऱ्याच्या मारापेक्षा जास्त लागलं.

तू त्या दिवशी मुंबईला गेला होतास. आलास तो गुडघ्यांपर्यंत चिखलानं भरलेला, आणि तुझ्यामागून आगरावरची माणसं आणि पास्कू, कारण तू मुंबईहून आलास म्हणजे खेळ ऐकायला मिळणार. मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. मला सगळं दिसत होतं. काका ओटीवरून म्हणाले, "पोरीला पाठवायचं ठरलंय. तू मुकाट्यानं हो म्हण."

तू पाय धुतलेस. पायरीवर बसलास. म्हणालास, "हो म्हणतो की. पण ही माणसं खेळ ऐकायला आलीत. तेवढा सांगतो आणि मग पाठवू."

मला वाटलं, तुला वेड लागलं असावं. काकांनाही तेच वाटलं असणार. पण माझ्या सासऱ्यांनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. ते म्हणाले, "सांगू द्या, सांगू द्या. होडीला अवकाश आहे."

मग तू सांगितलास. फ्रान्स देशात एक कालवा आहे. त्यावर एक माणूस आहे, आपल्यासारखाच उघाडीवाला, फक्त त्याच्या उघाडीतून बोटी जातात. त्याची बायको गोरीपान, डोक्यावर गवताची टोपी, टोपीला काळी रिबीन. नवरा संशयी. बोटवाल्यांशी बोलली म्हणून मारतो, नाही बोलली तरी मारतो. एकदा तो तिला उघाडीच्या खोलीत कोंडून ठेवतो. ती निसटते आणि चालत चालत भावाच्या गावी जाते. भाऊ दार उघडतो. पण मग गावातले जाणते येतात, पाद्री येतो, सगळे म्हणतात, बाईची जागा नवऱ्याच्या घरी.

इथे पास्कू मध्ये बोललाच. "आमचा पाद्री असा करणार न्हाय."

"तुमचा उत्तनचा आहे, हा फ्रान्सचा," तू म्हणालास.

सासरे पुढे सरकून बसले होते. तू आवाज खाली आणलास. भावाला बोलता येत नाही, तू म्हणालास, तो लहान आहे, त्याचं कोण ऐकणार? तो तिला होडीत बसवून देतो. ती टोपी सारखी करते आणि भावाकडे एकदा बघते. दुसऱ्या दिवशी पहाटे नवरा उघाडी उघडायला जातो. दार उचलतो. पाणी धावत येतं, आणि पाण्याबरोबर ती टोपी येते. काळ्या रिबिनीची. नुसती टोपी. संपला खेळ.

अंगणात कुणी हललं नाही. आणि मग देवापुढून आई उठली. तिनं हंबरडा फोडला, तसा मी बाबा गेले तेव्हाही ऐकला नव्हता. ओटीवर येऊन तिनं काकांचे पाय धरले. "माझी पोर न्हाय पाठवायची. माझ्या पोरीची टोपी न्हाय बघायची मना." तिनं उभ्या जन्मात टोपी घातलेली बाई पाहिली नव्हती. काका म्हणाले, "वहिनी, अहो सिनेमा आहे तो." ती ऐकेना. शेवटी सासरेच उठले. असं रडून पाठवलेली सून घरात नको, अपशकुन होतो, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी जोडे घातले. दीर त्यांच्या मागे गेला. पेटी रात्रभर दाराशीच होती, सकाळी आईनं ती रिकामी केली.

असा माझा जन्म वाचला. पुढे तू मला फायनलच्या परीक्षेला बसवलंस, मी शाळेत लागले, आणि सुटी आणि अष्टमी एकत्र आली की आपण दोघं खेळ बघायला जायला लागलो. बांधावरची ती तिथी विचारायची रीत मला तेव्हा कळली, आणि कळली तशी मला धडकी भरली.

"दादा, त्या दिवशी तिथी कोणती होती?"

"अष्टमी."

"अष्टमीला तू गुडघाभर चिखलात कशाला उतरला होतास?"

"खेकडे धरायला."

"कुठे होते खेकडे?"

"सुटले."

इतकी वर्षं आपण हेच भांडलो. जेवताना भांडलो, गाडीत भांडलो, शेजारची बाई एकदा मला म्हणाली की तुम्ही बहीणभाऊ पंचांगावरून कसले वाद घालता. मी ते हसत हसत घालायचे. पण आत काय होतं ते तुला कधी सांगितलं नाही. जुनी पंचांगं माळ्यावर होती. शिडी लावून कुणीही बघू शकलं असतं. मी कधी चढले नाही. मला भीती होती, आणि ती तुझी नव्हती, आईची होती. पेटी तिनं भरली होती. तुझा खेळ ऐकून ती फिरली. मग तो शेवट जर तू केलेला असेल, तर मी या घरात आईला हवी म्हणून राहिले की ती फसली म्हणून राहिले? आई तसं माझ्याशी कधी वाईट वागली नाही. पण ती गोडही बोलत नाही, तुला ठाऊक आहे. ती ताट जोरात ठेवायची आणि मला वाटायचं, हिला आता पस्तावा होत असेल. कळलं तर? त्या परदेशातल्या बाईला काही झालंच नव्हतं हे कुणी येऊन सांगितलं तर? पाहुण्यानं सतरंजीच्या कडेला बसावं तशी मी माझ्याच घरात बसत आले.

लढाईत फ्रान्स पडलं आणि फ्रेंच खेळ यायचे बंद झाले. तू सुतक पाळल्यासारखा वागलास. मग नुसते ब्रिटिश, आणि तेही लढाईचे. बोट बुडतेय आणि खलाशी एकमेकांना म्हणतायत, आज जरा गारठा आहे नाही. मी मुद्दाम म्हणायचे, बघ, कसे धीराचे लोक. तू म्हणायचास, धीर कसला, त्यांना आपण बुडतोय हे अजून कळलेलं नाही. एका खेळात मात्र आगबोटीवरचा म्हातारा आचारी, सगळे उतरून गेल्यावर, चूल विझवायला परत खाली जातो. गाडीत, बोरिवली गेल्यावर, म्हणालास, "हा फ्रेंच असणार." तेवढं एक कौतुक ब्रिटिशांच्या वाट्याला आलं.

आणि मग हे आजारपण. त्या दिवशी तुला जरा बरं होतं, पेपर मांडीवर होता. तू एका जागी बोट ठेवलंस.

"लागलाय परत. महिनाभर, रविवारी सकाळी."

टोपीवालीचा खेळ, ते मला विचारावं लागलं नाही. म्हणाले, "बरा झालास की जाऊ."

"अष्टमी बघून," तू म्हणालास, आणि हसायला गेलास तो खोकल्यानं बेजार झालास. आई पाणी घेऊन आली. तिनं तुझ्या पाठीवरून हात फिरवला, पेपरकडे बघितलं आणि भांडं घेऊन आत गेली.

तेव्हा बोलायला हवं होतं. तुझे आभार मानायला हवे होते, एकदा, साध्या शब्दांत. मी काय केलं? पेपरची घडी घातली आणि तुला म्हटलं, गप्प पड आता.

शेवटच्या रविवारी मी गेले. थेटरात मोजकी माणसं, दोनचार पारशी म्हातारे, एक मड्डम पिशवीतून संत्रं काढून सोलत होती. आत जायच्या आधी मी काचेपाशी थांबले. फोटो होते. उघाडी, नवरा, भाऊ दारात. आणि कोपऱ्यात एक: पाण्यावर टोपी. रिबिनीची. मी ओळखलं की तू इथे उभा होतास.

खेळ तू सांगितलास तसाच होता, अगदी पाद्रीसुद्धा. भाऊ मात्र तुझ्याहून पुष्कळ गुबगुबीत. ती कोंडलेली खोली आली तेव्हा मी डोळे मिटले. भाऊ तिला होडीत बसवतो, ती टोपी सारखी करते, सगळं तसंच. आणि त्यापुढे मला ठाऊक नव्हतं असं सुरू झालं. नवरा काठावर उभा आहे, दाढी वाढलेली. ती उतरते. वारा सुटतो. टोपी उडते आणि पाण्यात पडते.

दादा, मी पुढची खुर्ची धरली. मला वाटलं, होतास तू. पाहिला होतास शेवट. अष्टमीच होती.

तेवढ्यात नवऱ्यानं कपड्यांसकट पाण्यात उडी मारली, टोपी दातात धरून कुत्र्यासारखा वर आला, आणि बायको खो खो हसायला लागली. बोटवाले भोंगे वाजवतात. पाद्री हसतो. कुणीतरी गळ्यात अडकवायची पेटी काढतो आणि काठावर सगळे नाचायला लागतात. शेवटी त्या दोघांचं मूल गवतात रांगतंय, डोक्यावर तीच टोपी. संपला खेळ. मड्डमनं डोळे पुसले.

मला इतका राग आला की मी उठून उभी राहिले. म्हणजे तुझे ते खरं बोलणारे फ्रेंच! ज्यानं बायकोला कोंडलं त्याला एका बुडीत माफी, आणि वर बाजा. असला शेवट तर ब्रिटिशांनीही केला नसता. आणि रागाच्या खालोखाल ती जुनी भीती. म्हणजे नव्हतीच अष्टमी. माझी सगळी वर्षं त्या फोटोतल्या टोपीवर उभी होती. परत येताना मी ठरवलं की आईला सांगायचं नाही. तुझा शेवट होता तो होता. तुझ्यासाठी एवढं खोटं मी बोलू शकत होते.

घरी आले तेव्हा आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"काय जाला मंग त्या बायचा?"

कुठल्या सिनेमाला गेले ते मी तिला सांगितलं नव्हतं.

"मेली गं," मी म्हणाले. "दादा म्हणाला तसंच. टोपी आली पाण्यावरून."

"खोटा बोलतेस." तिनं एक खडा काढून टाकला. "त्या दिवशी एकादशी व्हती. माझा उपास व्हता. एकादशीच्या भरतीला आपला दादा कवा खेल पुरा बघून आयलाय?"

मी तिच्यासमोर खाली बसले. "तुला ठाऊक होतं?"

"मना ठाऊक, पास्कूला ठाऊक, आगरावरच्या समद्यांना ठाऊक. त्या दिवशी कोनी तिथी इचारली न्हाय. तुझा काका ठान्याचा, त्याला भरती काय ठाऊक?"

"मग तू रडलीस ती?"

आता तिनं माझ्याकडे बघितलं. "ती बाय माझी कोन? मी माझ्या पोरीसाठी रडले. नुसती रडले असते तर तुझा काका बोलला असता, बायका रडतातच. पेटी भरून देवाला सांगितला, आज उपाशी हाय मी, कायतरी कर. मंग दादा आयला नि खेल सांगाया बसला."

दादा, मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तांदळाचं सूप कलंडलं, तांदूळ अंगणभर झाले, आणि आई ओरडली, "ऊठ गं, घोडी झालीस," पण हात माझ्या केसांतून काढला नाही. किती मोठं ओझं होतं ते, मला उतरल्यावर कळलं. मला कुणी फसून ठेवून घेतलं नव्हतं. तू एकटा नव्हतास त्या शेवटात. आई होती, पास्कू होता, अंगणातली सगळी माणसं होती, न विचारता गप्प उभी राहिलेली. आणि मूर्खासारखी एकटी मी वर्षानुवर्षं तिथी विचारत होते.

तांदूळ गोळा करताना आईनं विचारलं, "खरा शेवट काय हाय?"

मी सांगितला. उडी, टोपी, बाजा, मूल. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मंग परत मारला न्हाय त्यान?"

"तेवढं दाखवलं नाही."

"मंग तो शेवट कसला?" आई म्हणाली. "आपल्या दादाचाच बरा."

उघाडी आता मुकादम बघतो. काल एकादशी होती, आईचा उपास, पाणी चढत होतं. मी शाळेतून आल्यावर बांधावर गेले. दार उचलून झालं होतं, पाणी आत येत होतं. मंडळी बसली होती, पास्कूही होता, केस पिकलेत त्याचे. त्यांनी सरकून मला जागा दिली. मी बसले आणि तो खेळ सांगायला लागले. फ्रान्स देशात एक कालवा आहे, म्हणाले. सगळ्यांना तो पाठ होता. होडी निघाली, बाईनं टोपी सारखी केली, भावाकडे एकदा बघितलं, आणि मी शेवटाकडे आले, तेव्हा पास्कूनं घसा खाकरला.

"बाय, खेल बघितलास तवा तिथी कंची व्हती?"

"अष्टमी," मी म्हणाले, आणि पाण्याबरोबर नुसती टोपी आणली.